गाडीचं पासिंग

"पेन्सिल आहे का तुमच्याकडे?" ओरोसला परिवहन कार्यालयाच्या आवारात इन्स्पेक्टरसाहेबांनी मला पहिला प्रश्न केला तो हा. साल २००९. कवी म्हटला की खिशाला पेन असतंच, पण पेन्सिल नव्हती. शेजारच्या रिक्षावाल्याने आपल्या कानावरची काढून दिली. साहेब म्हणाले, "हँडलच्या नळीवर चासी नंबर कोरलेला आहे. त्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा." लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून अशोकाचे सिंह उमटवायचो, तसंच ते. कागद करडा होत गेला आणि त्यातून पांढरे आकडे वर आले. पंधरा वर्षं मी त्या गाडीवर बसत होतो आणि तिचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. पाटीवरचा एमएच ०७ हा सरकारने दिलेला. हा नंबर मात्र अंगावरच्या जन्मखुणेसारखा.

या सगळ्याला आपण 'पासिंग' म्हणतो. सरकारी कागदावर 'नोंदणीचे नूतनीकरण', 'योग्यता प्रमाणपत्र' असे भारदस्त शब्द असतात. पण गॅरेजवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, गाडी पासिंगला न्यायची आहे. पोरगा दहावी पास होतो, तशी गाडी पास होते. मी स्वतः बी.ए. पास क्लास, त्यामुळे या शब्दावर माझा विशेष जीव आहे. त्यात फार हुशारीची अपेक्षा नसते, पस्तीस टक्के पुरतात. गाडीकडूनही मागणं तेवढंच असतं. ती नवी दिसली नाही तरी चालेल, वाऱ्यासारखी पळाली नाही तरी चालेल. थांबवली की थांबली पाहिजे, अंधारात दुसऱ्याला दिसली पाहिजे, आणि कागदावर जी आहे तीच ही असली पाहिजे.

पुष्कळांची समजूत अशी आहे की मोटारसायकलही दर वर्षी पास करून घ्यावी लागते. तसं नाही. विमा आणि पीयूसी ठरल्या मुदतीने, हे खरं. पण खाजगी दुचाकीच्या अंगाला हात लावून, ब्रेक दाबून, चाक फिरवून तिची सरकारी तपासणी दर वर्षी होत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याने खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती केली. ती संपली की गाडी तपासायची आणि पाच वर्षांसाठी मुदत वाढवायची; पुन्हा पाच, पुन्हा पाच. कायद्याआधी नोंदलेल्या जुन्या गाड्यांनाही हीच पंधरा वर्षांची मर्यादा लागली. म्हणजे नोंदणी झाली की सरकार तिच्याकडे बघतं ते थेट तिच्या सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

आता गंमत बघा. आमच्या मालवण-तारकर्लीला हल्ली पर्यटकांना भाड्याने मोटारसायकली मिळतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात त्या. केंद्र सरकारने १९९७ साली या धंद्यासाठी योजनाच काढली. ही भाड्याची गाडी कायद्याच्या नजरेत व्यावसायिक वाहन. तिला योग्यता प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. त्याच अंगणात, त्याच माडाखाली, त्याच कंपनीची, त्याच सालची मालकाची स्वतःची गाडी उभी असते. तिच्यावरून तो पोराला शाळेत सोडतो. तिला कोणी विचारत नाही. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडून गोव्यात गेलात तर म्हापशाला, पणजीला 'पायलट' भेटतात; पिवळ्या मडगार्डच्या काळ्या मोटारसायकली घेऊन स्टँडवर उभे असलेले. पैसे घेऊन माणसाला मागे बसवून नेतात. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत, पाठीमागे एक प्रवासी बसवून भाड्याने चालणारी मोटारसायकल हे व्यावसायिक वाहन, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे पायलटाच्या मागे बसलेला अनोळखी प्रवासी तपासलेल्या गाडीवर बसतो, आणि माझ्या मागे बसलेली माझी बायको न तपासलेल्या.

असं का झालं, याचा शोध घेताना मी मोटारीच्याही मागे गेलो आणि वाफेपाशी पोचलो.

१८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा स्फोट झाला, माणसं मेली. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. जर्मनीत मानहाइम गावी दारूच्या भट्टीतला, म्हणजे बिअर गाळण्याच्या कारखान्यातला बॉयलर फुटला तो १८६५ मध्ये. तिथल्या बॉयलरमालकांनी १८६६ च्या जानेवारीत एकत्र येऊन आपले बॉयलर आपणच तपासून घेणारी संस्था काढली. जर्मनीत आज गाडी पास करणाऱ्या ज्या 'ट्यूफ' संस्थेचं जगभर नाव घेतात, तिचं मूळ तिथे आहे. पुढे १९१७ साली आपल्याकडे नदी-खाडीत चालणाऱ्या वाफेच्या बोटींसाठी कायदा आला. त्यात बोटीची पाहणी करून दिलेलं प्रमाणपत्र एक वर्ष चालायचं. १९२३ चा बॉयलर कायदाही बारा महिन्यांपलीकडे प्रमाणपत्र देत नव्हता. 'वर्षातून एकदा' हे माप आपल्याला रस्त्याने दिलेलं नाही, वाफेने दिलेलं आहे. फुटलं तर दहा जणांना घेऊन जाईल अशा यंत्राकडे वर्षातून एकदा तरी परक्या माणसाने बघावं, एवढंच त्यामागे होतं.

माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. त्यांच्या मचव्यात बॉयलर नव्हता, शीड होतं. पण पाहणी त्यांनाही चुकली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मचवा वाळूवर ओढून झावळ्यांखाली शाकारून ठेवायचे. पाऊस ओसरला की आजोबा हातात लाकडी हातोडा घेऊन मचव्याभोवती फिरायचे आणि फळी फळी ठोकून कान लावायचे. चांगली फळी एक बोलते, कुजकी दुसरं बोलते, असं ते म्हणत. मग फटींत कापूस ठासून तेलाचा लेप द्यायचा. बंदरावरचा साहेब नंतर यायचा. तो कागद बघायचा, मचवा बघायचा, माणसं किती नि माल किती ते विचारायचा. आजोबांचा त्याच्यावर राग नव्हता. ते म्हणायचे, आपला मचवा आपल्याला आवडतो, म्हणून आपल्याला त्याचं भोक दिसत नाही. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या गलबतांसाठी वेगळं प्रकरण आहे हे मी फार उशिरा वाचलं. वाचताना त्या हातोड्याचा आवाज येत होता.

मोटारीकडे येऊ. १९१४ साली हिंदुस्थानभर लागू होणारा पहिला मोटार कायदा झाला. नोंदणी, चालकाचा परवाना, अशी साधी व्यवस्था. मोटारी मूठभर, त्या साहेबांच्या नाहीतर संस्थानिकांच्या. पुढे वीस-पंचवीस वर्षांत बस आणि लॉऱ्या आल्या आणि १९३९ चा कायदा करावा लागला. त्याच्या अडतिसाव्या कलमाने योग्यता प्रमाणपत्र आणलं, पण फक्त भाड्याच्या वाहनांना. विचार सरळ होता. तिकीट काढून बसमध्ये चढणारा माणूस खाली वाकून ब्रेक बघू शकत नाही. त्याच्या वतीने सरकारने बघायचं. खाजगी मालकाला मात्र स्वतःची मान प्यारी असणार, तो आपली गाडी नीट ठेवील, असं गृहीत धरलं. माणसाच्या शहाणपणावर ब्रिटिशांनी टाकलेला एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या कायद्यात मला तरी आढळलेला नाही. याच कायद्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळेल याची सोय झाली. इजा होऊ नये म्हणून खाजगी गाडी तपासायची, हे राहून गेलं.

खुद्द इंग्लंडमध्ये हा विश्वास १९६० पर्यंत टिकला. त्या वर्षी अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूक मंत्री असताना दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग, बस. मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'एमओटी' म्हणू लागले आणि आजही म्हणतात. पण इतक्या गाड्या नापास व्हायला लागल्या की वर्षभरात दहाची मर्यादा सातवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये तीनवर. तिथे आता तीन वर्षांहून जुनी मोटारसायकल दर वर्षी या परीक्षेला बसते. जर्मनीत १९५१ पासून सक्ती आहे, मोटारसायकलला दोन वर्षांनी एकदा. जपानमध्ये अडीचशे सीसीपर्यंतच्या दुचाकींना माफी, म्हणजे माझी गाडी जपानात जन्मली असती तर तिने इन्स्पेक्टरचं तोंडच पाहिलं नसतं. फ्रान्समध्ये मोटारसायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध करून ही तपासणी लांबवली. अखेर २०२४ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाली. मालकाला आपल्या गाडीचं भोक दिसत नाही, हे माझ्या आजोबांनी मालवणच्या वाळूत सांगितलं होतं. ते पटायला युरोपला मोठाल्या समित्या बसवाव्या लागल्या.

आपल्याकडे १९३९ मध्ये मोटारसायकलचा वेगळा विचार झाला नाही, कारण मोटारसायकली होत्याच किती! मद्रासला एनफिल्डचा कारखाना १९५५ चा, म्हैसूरची जावा साठच्या सुरुवातीची, राजदूतही त्याच सुमाराची. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात मोटारसायकल आली की पोरं तिच्यामागे धावायची. डॉक्टरांची एक, एका मासळीच्या व्यापाऱ्याची एक, एका कंत्राटदाराची बुलेट. १९८५ साली शंभर सीसीची चार स्ट्रोकची हिरो होंडा आली आणि चित्र पालटलं. लिटरमागे इतकी चालायची की लोकांचा विश्वास बसेना. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. आम्ही शब्दशः विसरलो. मी १९९४ च्या नोव्हेंबरात माझी घेतली. चुलते कुवेतला होते, त्यांनी निम्मे पैसे पाठवले. आईने हँडलला मोगऱ्याचा गजरा बांधला आणि 'बिस्मिल्ला म्हणून किक मार' म्हणाली. आज देशातल्या नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरची ७५ हजारांच्या जवळपास. ज्या वाहनाकडे कायद्याने मालकाच्या भरवशावर पाठ फिरवली, तेच वाहन देशाचं मुख्य वाहन होऊन बसलं.

आणि आमच्याकडे त्यात समुद्र आहे. घाटावरचे पाहुणे म्हणतात, काय हवा आहे हो तुमची! हवा छान आहे, पण ती लोखंड खाते. लाटा फुटतात, त्यांचे बारीक थेंब वाऱ्यावर चढतात, पाणी उडून जातं आणि मीठ उरतं. ते खिडकीच्या गजांवर बसतं, सायकलच्या साखळीवर बसतं, शाळेच्या घंटेवर बसतं. वरून तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. रिमवरचं क्रोम फुगून पापुद्रे सुटतात, आऱ्या तांबूस होतात, सायलेन्सरला खालून भोक पडतं. महाराजांच्या माणसांना हे ठाऊक होतं. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा दगडांत शिसं ओतून ते बसवले असं सांगतात. शिसं लोखंडासारखं गंजत नाही. आम्ही घरगुती उपाय करतो. रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, खोबरेल लावायचं, चासीला जळकं ऑइल फासायचं. आमच्या एका शेजाऱ्याने उत्साहाच्या भरात ते ब्रेकच्या पट्ट्यांनाही फासलं होतं. तो थेट मासळी बाजारात जाऊन थांबला, कोळणींच्या टोपल्यांच्या मधोमध.

दिसणारा गंज पुसता येतो. ब्रेकची वायर मात्र काळ्या आवरणाच्या आत असते. बारीक तारांचा पीळ तो. लिव्हरच्या टोकाशी पाणी आत शिरतं, आतल्या आत एक एक तार तुटत जाते, आणि बाहेरून आवरण नवंकोरं काळंभोर दिसत असतं.

२००३ साली, आंगणेवाडीच्या जत्रेच्या रात्री, माझ्या एका मित्राने माझी गाडी मागून नेली. भजनी मंडळात पखवाज वाजवणारा, हाताला विलक्षण गोड. मसुऱ्याकडच्या एका उतारावर समोर बैल आला. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. मागचा झिजलेला होता, पुढची वायर तुटली. मित्र वाचला, पण त्याचा उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही. मांडी घालून बसणं संपलं. तेव्हापासून तो खुर्चीत बसून, पखवाज स्टुलावर ठेवून वाजवतो. पंचनामा झाला, कागद तपासले गेले. परवाना होता, विमा होता, पीयूसी होती. सगळं चोख. पीयूसीवाल्याची नळी गाडीच्या शेवटच्या टोकाला लागते. धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांच्या आत आहे ना, एवढं तो तेव्हा बघायचा. पुढच्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. गाडी नऊ वर्षांची होती. कायद्याने तिच्याकडे बघायला अजून सहा वर्षं होती. पण मी रोज बघत होतो. लिव्हर महिनाभर हलका लागत होता, हे मला माहीत होतं. पाडव्याला करू, म्हणत होतो. त्याने मला त्यावरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्या न बोललेल्या शब्दावर मला आजवर एक ओळ लिहिता आलेली नाही.

तेव्हापासून मी दर वर्षी गाडीचं खाजगी पासिंग करतो. पावसाळा संपला की गाडी गॅरेजात न्यायची. गॅरेजवाला गाबतांचा पोरगा आहे, बाप ट्रॉलरवर होता. तो चाक फिरवतो आणि पाना घेऊन आरी आरी ठोकत जातो, कान देऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चमकलो. हातोडा बदलला होता, कान तोच. एकदा ब्रेक दाबून बघत मला म्हणाला, "काकानू, तुमी ब्रेक दाबतास की अल्लाक हाक मारतास?" दोन्ही, म्हटलं. वायर दर वर्षी बदलायची, जुनी चांगली वाटली तरी. फार तर शंभर-दीडशे रुपयांचं काम.

२००९ नंतर २०१४, मग २०१९. मधल्या काळात २०१० पासून राज्यात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर लागला, दुचाकीला पाच वर्षांचे दोन हजार. नूतनीकरणाची फी तीनशेची १ एप्रिल २०२२ पासून हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारसायकलींना दोन हजार केली. जुनी गाडी लोकांनी सोडावी, असा त्यामागचा हेतू आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट मनात येते. मोडीत काढण्यासाठी जेवढी धोरणं होतात, तेवढी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या वर्षी एकदा ब्रेक बघायला झाली असती तर बरं झालं असतं. दर वर्षी ओरोसला रांग लावा असं मी म्हणत नाही. त्या रांगेत पुन्हा वशिले आणि मधली माणसं शिरतील. पण मध्ये काहीच नाही, हेही बरोबर नाही.

२०२४ चा ऑगस्ट मालवणकर विसरणार नाहीत. २६ तारखेला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. आदल्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. नटबोल्ट गंजू लागलेत असं पत्र बांधकाम खात्याकडून २० तारखेला गेलं होतं, हे मागाहून सगळ्यांनी वाचलं. पडण्याची कारणं काय ती चौकशी करणाऱ्यांनी सांगावीत, तो माझा प्रांत नाही. मी एवढंच जाणतो की त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता समुद्राकडे बघत होती. गंज दिसला होता. लिहूनही झालं होतं. बघणं आणि थांबवणं यांच्या मध्ये सहा दिवस होते. इन्स्पेक्टरच्या हातात पेन्सिल असते, तशी 'गाडी पुढे जाणार नाही' म्हणण्याची ताकदही असते. ती नसेल तर पेन्सिल निव्वळ कविता लिहिण्यापुरती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात माझ्या गाडीचं चौथं पासिंग आलं. तीस वर्षं होत होती. गॅरेजवाल्याने हँडलच्या नळीवर बॅटरी मारली आणि म्हणाला, "ह्यो नंबर गंजान खाल्ल्यान, काकानू." पॉलिश पेपर मारायचा नाही, असं त्याने बजावलं, नंबर खरवडलेला दिसला तर खाडाखोड केल्याचा संशय येतो. तीन दिवस रॉकेलचा बोळा लावून ठेवायचा आणि मऊ फडक्याने टिपायचं. ओरोसला पेन्सिल घासली तेव्हा सगळे आकडे उमटले, एक सोडून. तो तीन होता की आठ, ते कळेना. साहेबांनी भिंग लावलं, कागद उजेडाला धरला, संगणकावरची नोंद काढली, इंजिन नंबर ताडून पाहिला. इंजिन नंबर स्वच्छ होता. शेवटी भिंगातून डावीकडची पुसट गोलाई सापडली. आठ. तीस वर्षांनी माझी गाडी माझीच ठरली.

मग बाकीचं. टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर हवी, ती होती. हॉर्न, आरसे, इंडिकेटर. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून साडी गार्ड. या साडी गार्डाबद्दल खरं तर वेगळं बोलायला हवं. पदर, ओढणी, बुरखा, सगळ्यांना तो सारखाच सांभाळतो. माझ्या आईने कधी त्याचं नाव विचारलं नाही, पण ती त्याच्याच भरवशावर बसायची. तेवढ्यात साहेबांनी ब्रेक दाबला आणि मागे वाकून बघितलं. मागचा लाल दिवा लागला नाही. "पुढच्या आठवड्यात या," ते म्हणाले. मी नापास झालो. शप्पथ सांगतो, बी.ए.च्या निकालालाही एवढा आनंद झाला नव्हता. कोणीतरी वाकून बघितलं होतं.

दुसऱ्या खेपेला मित्र म्हणाला, मी येतो. आमच्या शेजाऱ्याची रिक्षा त्याच दिवशी पासिंगला निघाली होती, तिचं मात्र दर वर्षीचं. तिच्यात मागच्या सीटवर पाय लांब करून तो बसला. कसालच्या रस्त्याने पुढे रिक्षा, मागे मी. दिवा लागला. मग साहेबांनी ब्रेकसाठी गाडी चालवून आणायला सांगितली. लांबून यायचं आणि जमिनीवर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबायचं. मित्र काठी टेकत टेकत जाऊन पट्ट्याच्या कडेला उभा राहिला. साहेबांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तो दोन पावलं सरकला, त्याहून जास्त नाही. मी गाडी आणली, दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली. मित्राला वाकता येत नाही. त्याने काठी आडवी धरून पुढचं चाक आणि पट्टा यांच्यामधलं अंतर मोजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वीतभर रवला."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)